दिवस नववा

बेबी ऑफ सुगंधा मडावी. दिवस नववा.
ताप नाही. उलट हातपाय गार,
बाहेर मेडिकलच्या आवारात सेहेचाळीस डिग्री
अन् वॉर्डातल्या कूलरचं पाणी संपलेलं.

"दूध नाई पेत जी. अन् रडनं बदललं याचं."
मी लिहिलं: दूध पीत नाही.
रडण्याचं लिहिलं नाही.

मान वाकवून पाहिली. मऊ.
इतक्या लहानाची मान खोटं बोलते
हे पुस्तकात होतं, बोटांत नव्हतं.
मग टाळूवर हात गेला:
तेलानं चकाकणारी, ताठ,
आतून कुणी ढकलावी तशी.

"पाठीतलं पानी काढलं का लेकरू लुळं होते म्हन्तेत,"
बाप दारातूनच.
मी काय बोलले आठवत नाही. सही मिळाली.

कुंदा सिस्टरनं त्याला कुशीवर वळवलं,
गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी,
नऊ दिवसांपूर्वी होता तसाच.
दोन मणक्यांमध्ये सुई.
थांबलो.
थेंब काचेसारखा यायला हवा होता.
आला तो तांदळाच्या धुवणासारखा.

रिपोर्टची वाट न बघता पहिला डोस दिला.
मग फाइल उघडली,
वर काहीही न खोडता खाली लिहिलं:
आई म्हणते, रडणं बदललंय.
वेळ टाकली तिची,
माझी नाही.