निरंक

भुसावळ. मे महिना. पारा सत्तेचाळीसवर.
वरच्या खोलीत कूलर वाळ्याचा वास नुसता फिरवतोय
आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली
उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रतळाचा गाळ मोजतेय,
चिमूटभर, तपकिरी,
पूर ओसरल्यावर तापी घाटाच्या पायऱ्यांवर सोडते
तसाच दिसायला.

बर्फ मागे काही ठेवत नाही.
वितळला की पाणी, पाण्यात पाणी, संपलं.
पण त्याच्या पोटाशी, खाऱ्या भेगांमध्ये
डोळ्यांना न दिसणारी शेवाळं राहतात.
ऊन चढलं की ती सुटतात, बुडतात,
त्यांची काचेची घरं तळाशी साचत जातात
हजारो वर्षं, थरावर थर.
भाडेकरूंवरून मी घरमालक ओळखते.

अडचण दोनशे चौदा सेंटिमीटरवर आहे.
तिथे एकही नाही. तक्त्यात शून्य.
म्हणजे बर्फ नव्हताच,
किंवा इतका होता, इतका जाड, बारमाही,
की खाली उजेड पोचला नाही
आणि कुणी जगलं नाही.
गाळ दोन्ही वेळा सारखाच गप्प.

खाली अण्णांचा बर्फाचा कारखाना,
बंद पडून एकवीस वर्षं झाली.
टाकीच्या भिंतीवर गंजाची आडवी रेघ,
खारं पाणी तिथवर असायचं.
फटीफटीत लाकडाचा भुसा.
आणि लाल कापडात बांधलेल्या वह्या :
भरंबे यांचे लग्न, नऊ लाद्या, उधार.
रसवंती, दोन. मासळीवाला, अर्धी, रोख.
एका वहीत अख्खा वैशाख कोरा.
वर अण्णांच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द,
निरंक.

आई म्हणायची, कॉम्प्रेसर बिघडला असेल.

अशा वेळी गाळात दुसरा साक्षीदार शोधतात,
मोकळ्या पाण्यात वाढणारं शेवाळ.
ते सापडलं तर बर्फ नव्हता.
तेही नसेल, तर होता, आणि भरपूर होता.
मला खाली मिठाची बिलं सापडली.
त्याच वैशाखातली. एरवीच्या दुप्पट पोती.

मग यावलच्या रस्त्याला गंभीर तडवींचं घर विचारत गेले.
लाद्या वाहायचे ते. डावा खांदा अजून उजव्यापेक्षा खाली.
वही पुढे धरली, त्यांनी ती हातात घेतली नाही.
"काय लिवतीन व बाई?
पैसेच नोते घेतले."

मालधक्क्यावर, म्हणाले.
गाडीतून उतरवलेली माणसं, उन्हानं गेलेली.
नातेवाईक पोचेपर्यंत ठेवायची होती.
रात्रभर टाकी, पहाटे लाद्या, पुन्हा टाकी.
किती, मी विचारलं.
लाद्या की माणसं, ते म्हणाले,
आणि सदऱ्याचं वरचं बटण लावत बसले,
जे आधीच लागलेलं होतं.

परत येईस्तोवर कूलरचं पाणी संपलं होतं.
दोनशे चौदाची दुसरी काच लावली.
मोकळ्या पाण्यातलंही कुणी नाही.
कडेला एक सुई दिसली, वाटलं सापडलं,
तर ती वाळूची कपची.
पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून.
ओळ संपली की पुढची ओळ.
कुणी नाही.

शून्य मी खोडलं नाही.
त्याच्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, बहुधा जाड बर्फ,
आणि बहुधा या शब्दावर
घामाचा एक थेंब पडला, तो टिपून घेतला.