खिसा

सराफ बाजारातल्या फळ्या अजून उघडायच्या होत्या.
गटारीतली माती घमेल्यात घोळवत
हुसनाबी झारेकरीण उकिडवी बसली होती,
तेव्हा चोपड्याच्या पहिल्या एस्टीनं आलेला
जुगला पावरा तिच्यासमोर उभा राहिला.
रुमालाच्या चारी गाठी सोडल्या.
"हाई सोनं शे का, माय?"

विहीर खणताना, चार परस खाली,
लेकीनं ढिगाऱ्यातून उचललेला दगड.
पिवळाधमक. कापून काढल्यासारखे कोपरे.
उन्हात बघवत नव्हता.

हुसनाबीनं तो पदराआड धरला.
विझला.
"सोनं सावलीतबी सोनंच ऱ्हातं," ती म्हणाली,
"हे उन्हाकडून उसनं आणतंय."

फुटक्या कौलावर ओढला.
रेघ उठली काळी, हिरवट,
रांजणाच्या बुडाशी असते तशी.
मग हातोडी, हळूच.
सोनं मार खाऊन पसरतं, तुटत नाही.
हा फुटला,
आणि विझलेल्या फटाक्याचा वास आला.

बराच वेळ तो तुकडेच बघत राहिला.
"मंग खरं कसं ऱ्हास?"

तिनं कमरेची चंची सोडली.
तंबाखूच्या डबीत, कापसात,
तुरीच्या दाण्याएवढा एक दाणा.
बापानं पूर्वेकडच्या कुठल्याशा नदीत
दोन उन्हाळे वाळू धुऊन मिळवलेला,
तिच्या निकाहातही न मोडलेला.
त्याला कोपरा नव्हता एकही.
पाण्यानं चघळून चघळून बोथट केलेला,
एका खळगीत गारगोटीचा पांढरा कण अडकलेला,
आणि चमक म्हणाल तर
दाराच्या पितळी कडीहून कमीच.

जुगलाच्या तळव्यावर ठेवला.
त्यानं दोनदा वाकून पाहिलं,
वरून कुणी बोट तर दाबून धरलं नाही ना.

दाणा परत डबीत गेला.
तुकडे परत रुमालात.
"पोरीला काय सांगशील?"
"सांगसू, दुकान बंद व्हतं."

तो स्टँडकडे निघाला.
सदऱ्याच्या खिशात आणखी एक दगड होता,
न दाखवलेला, न फोडलेला.
हुसनाबीला तो पाठमोराही कळला:
प्रत्येक पावलाला खिसा उडत होता,
पोरासोरांच्या खिशातल्या बोरांसारखा हलका.

तिनं हाक मारली नाही.
घमेल्यात पाणी ओतलं,
आणि वरची माती सांडू दिली.