सतरा वजा तीन

होटगी नाक्यावरून वडापच्या जीपमध्ये बसलो तेव्हा
इरेशच्या खिशात शेंगा, शांभवीच्या वहीत एक कोरं पान,
आणि मी दोघांना कबूल केलेलं,
लढाईचं स्मारक दाखवतो.
त्यामुळे त्यांना तोफ हवी होती,
निदान चढून बसण्यापुरता एखादा रणगाडा.

कुरणवाडीच्या चावडीच्या भिंतीत
थकीत वीजबिलाच्या नोटिशीखाली
फरशीएवढा एक दगड.
एवढंच?
एवढंच.

दर दिवाळीला चुन्याचे इतके हात बसलेत त्यावर
की अक्षरं आता डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात.
शांभवीनं कागद धरला, पेन्सिल आडवी घासली,
आणि पांढऱ्यातून वर आलं, अडखळत,
या गावातून सतरा इसम महायुद्धास गेले.
त्यांपैकी तिघांनी प्राण दिले.

नावं कुठायत?
नाहीत.
पुसली?
घातलीच नव्हती. जागाही सोडलेली नाही, बघ.
देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं,
गरगर फिरतं बिचारं,
पण असतं.

मग मी त्यांना माझ्या पणज्याचं सांगितलं.
बसऱ्याहून परत आला म्हणून गाव त्याला बसऱ्याच म्हणालं.
खरं नाव आत्याला ठाऊक होतं.
आत्या मागच्या उन्हाळ्यात गेली, मी विचारायचा राहिलो.
सातबारा कधीच दुसऱ्याच्या नावावर झाला,
रान मात्र अजून बसऱ्याचं.

आला तेव्हा ज्वारी काढणीला आलेली, म्हणे.
कुणाशी न बोलता तो रांजणापाशी गेला
आणि आतलं पाणी मोजलं, तांब्या तांब्यानं.
मरेपर्यंत रोज मोजायचा.
कोटाचं एक पितळी बटण राहिलं होतं,
ते कुणीतरी गाईच्या गळ्यात बांधलं.
गाय मंगळवेढ्याच्या बाजारात विकली, बटणासकट.

म्हणजे तो तिघांतला नाही, इरेश म्हणाला.
नाही.
मग दगडावर नाहीच तो.

शांभवी चौथीत आहे. ओठ हलले, बोटं मिटली.
आहे, म्हणाली.
वजा केल्यावर आहे.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात रोज संध्याकाळी
मीही असंच लिहितो टॉवेलच्या वहीत,
सतरा डझन निघाले, तीन बाद.
वीस वर्षं लिहितोय.
अक्षर चांगलं आहे माझं.

इरेशनं तोवर दगडाच्या कडेवर शेंगा मांडल्या होत्या,
एकीला एक चिकटून, मोजून सतरा.
खेळच त्याचा.
मग मान वर करून विचारलं,
बाबा, कुठल्या तीन खाऊ?

चावडीवरचा म्हातारा तंबाखू मळायचा थांबला.
मी म्हणालो, चल, जीप साडेचारला सुटते.
पण त्याला उत्तर हवं होतं.
आणि मिळेना, तेव्हा त्यानं
डोळे मिटले
आणि हात पुढे केला.

येताना कागद शांभवीनं घडी घालू दिला नाही.
जीपच्या वाऱ्यात दोन्ही हातांनी धरून बसली.
रात्री पावणेबाराला नळ आला, पाचव्या दिवसाचा.
दोघंही उठली, अर्धवट झोपेत,
बादल्या मोजू लागली मोठ्यानं.
मी ओतत होतो.
मधेच कुठंतरी
आकडा चुकलो.