आधी कोणाला सांगितले आहे काय?

अर्ज सोळा पानांचा. नवव्या पानावर
रकाना क्रमांक चौदा:
हा शोध यापूर्वी कोणाला सांगितला आहे काय?
असल्यास, दिनांक.

खानझोडे सर म्हणाले, तेवढं बाईंना विचारून ये,
बौद्धिक संपदा कक्ष सोमवारी फाईल मुंबईला पाठवतोय.
म्हणून मी अर्जुनीहून ऑटोनं खैरबोडीला,
मांडीवर फाईल, पायाशी कोणाच्या तरी दोन कोंबड्या.

सायत्राबाई वलथरे गंजात येनाची साल उकळत होती.
तांबडा-काळा रस, त्यात बुडालेलं सुती जाळं.
याच रसातून आम्ही तीन वर्षांनी भुकटी काढली,
धानाच्या कोठीतली बुरशी जिच्यापुढे टिकत नाही.
एकशे बारा नोंदी. माझी पीएच.डी.

मी रकाना वाचून दाखवला.
ती हसली. "सांगतला म्हंजे?
माह्या सासूनं मले सांगतलं
तवा बोडीच्या पारीवर सारा मोहल्ला होता.
जारं वारत होतं, कोनाचं तरी लेकरू रडत होतं.
तारीख कोन लिवते, बाई?
बोडी फुटली त्या साली."

माझ्या लॅपटॉपला 'जारं' कळत नाही,
तो खाली लाल नागमोडी रेघ ओढतो.

मग पंधरावा: शोधकर्त्यांचे वाटे, बेरीज शंभर.
सर साठ, मी तीस, यंत्रं सांभाळणारे खंडारे दहा.
तिनं बोटांवर मासळी मोजली.
चौघं पान्यात उतरले तर वाटे पाच.
"पाचवा जाऱ्याचा. तेले नाही देल्ला
तं पुढल्या साली फाटते."

कायदा मला पाठ आहे.
जे आधीच सगळ्यांना ठाऊक, ते नवीन नाही.
सर म्हणतील, रस तिचा असेल, भुकटी आपली.
तेही खोटं नाही.
आणि खंडारे त्या दहा टक्क्यांत
घराचा स्लॅब टाकणार आहेत, मला नकाशासुद्धा दाखवलाय.

सायत्राबाईनं अंगठा पुढे केला,
शाईच्या डबीआधीच तांबूस.
मी कागद सरकवला, मग परत ओढला.

परतीच्या ऑटोत पेन काढलं.
रस्ता खड्ड्यांचा. 'होय'ची खूण
चौकोनाबाहेर गेली, थेट दिनांकाच्या ठिपक्यांपर्यंत.
तिथे लिहिलं: बोडी फुटली त्या साली.
पुढची जागा कोरी ठेवली,
कक्षातून कोणी फोन करून विचारलंच तर,
कोणती बोडी?