पाटातली चिचुंद्री

बुदैयाच्या खजूरबागेत, पंपघराच्या पाठीमागे
शहराचं धुतलेलं पाणी येऊन पडतं पाटात.
वास क्लोरीनचा, आणि त्याखाली
क्लोरीनला न जुमानणारा आणखी एक.
रात्रपाळीत तिला आधी ऐकलं:
नाण्यावर नाणं घासावं तशी चीं,
मग पाण्यात टुप्.

सुगुणन म्हणाला, उंदीर. औषध टाकू.
म्हटलं, थांब. उंदराचं नाक असं नसतं,
लांबुडकं, सारखं काहीतरी विचारणारं.
आमच्या दाभोळच्या धक्क्यावर
सुक्या बोंबलांच्या गोणीत या असायच्याच.
आई हाकलायची. मारायची नाही.

पण ही पोहते.
बुडी मारली की केसांत हवा अडकते,
बॅटरीच्या झोतात पाऱ्याची एक वीत
तळाचा गाळ उकरत सरकते,
आणि किडा धरून काठावर आली की
पुन्हा तीच, ओली, मळकट, घाईतली.

बाग हाजी मीर्झांच्या आजोबांची. त्यांना विचारलं.
म्हणाले, इथे झरे होते तेव्हा
समुद्राच्या पोटातूनही गोडं पाणी उसळायचं,
माणसं बुडी मारून पखाली भरायची.
तेव्हा ही नव्हती.
तुमच्याच कुठल्या बोटीतून आली असणार.
हसले.
मीही हसलो, जरा उशिरा.

तिला दर थोड्या तासांनी खावं लागतं, नाहीतर मरते,
मुनीरने मोबाइलवर वाचून दाखवलं.
मी दर दोन तासांनी मीटर लिहितो.
दोन वाजता, दाब ठीक.
चार वाजता, दाब ठीक.
'इतर' हा रकाना सहा वर्षं कोरा.

काल ती पोरं घेऊन निघाली.
पहिल्याने दातांत धरलेलं आईच्या शेपटीचं मूळ,
त्याचं दुसऱ्याने, दुसऱ्याचं तिसऱ्याने,
अशी पाचांची दोरी, झडपेच्या खालून.
हसनचाचांनी बाबांना आणलं, बाबांनी मला,
मी मुनीरला, आणि मुनीर हल्ली
मेहुण्याच्या पासपोर्टची झेरॉक्स खिशात घेऊन फिरतो.
शेवटच्याची पकड सुटली.
कोरड्या पाटाच्या मधोमध ते
गोल गोल फिरत राहिलं.
आई थांबली. आख्खी दोरी मागे वळवली,
इतकी सावकाश, की माझ्या हातातलं चाक घामाने निसटू लागलं.

चारला सोडायचं पाणी चार अकराला सोडलं.
'इतर'मध्ये लिहिलं: उशीर. कारण, रहदारी.

सकाळी सुगुणनने वही वाचली.
बाहेर जाऊन पाटाकडे बघून आला.
काही बोलला नाही.
औषधाचा डबा मात्र
फळीवर, अगदी मागे सरकवलेला दिसला.