शिट्टीशिवाय

भावेश म्हणाला, काका, ग्रूपमधून जा.
जैन जेवण, गुजराती मॅनेजर, त्याच्या हातात झेंडी,
तुम्ही फक्त झेंडीच्या मागे चालायचं.
मी म्हटलं, एकतीस वर्षं
बागेतल्या छोट्या गाडीची शिट्टी मीच वाजवली.
चला, बसा, हात आत, उतरा.
आता दुसऱ्याची ऐकायची नाही.

तर दांडिया बाजारात, आमच्या जेवणाच्या टेबलावर
जपानातल्या एका बागेचा नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर शैलाचा चष्मा,
तिसरा कोपरा पंखा उचलून उचलून बघतो.

तिकडे मध्यरात्र म्हणजे आपले साडेआठ.
तिकिटं मध्यरात्री सुटतात.
तीन संध्याकाळी वरणभात आधी उरकून
आम्ही फोनसमोर बसलो. बँकेचा ओटीपी
दर वेळी गाडी सुटल्यावर फलाटावर आला.
चौथ्या संध्याकाळी मिळाली. मंगळवार.
शैलानं साखर वाटली,
मला एकट्यालाच,
अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम लिहून द्यायचा.
चौथा दिवस: बाग.
पाचवा दिवस: बाग.
"दोनदा?" शैला म्हणाली, "साहेब विचारेल,
दोघं म्हातारे, बरोबर मूल नाही."
येण्याचा हेतू: पर्यटन. असंच लिहिलं,
पेन मात्र जरा थांबलं.
व्यवसाय: निवृत्त.
कशातून, त्याला रकाना नव्हता.

तिचे प्रश्न वेगळे.
दोन तास रांगेत उभं राहायचं तर बाथरूमचं काय.
चिवडा आत नेऊ देतात का.
आणि या निळ्या पट्ट्यात हे हिरवं हिरवं, मगरी ना?
"विश्वामित्रीत खऱ्या आहेत, फुकट.
पाणी भरलं की लोकांच्या सोसायटीत शिरतात.
प्लास्टिकच्या बघायला साडेचार लाख?"
मी म्हटलं, या वेळापत्रकाप्रमाणे तोंड उघडतात.
ती हसली
आणि वहीत नोंद केली: मगरी, सव्वाअकरा.

सराव चालू आहे.
पहाटे साडेपाचला फेऱ्या, नव्या बुटांत, वीस हजार पावलं;
गुडघा अठरा हजाराला बोलायला लागतो.
शैला दूधवाल्याला सुमिमासेन म्हणते.
तो म्हणतो, हा बेन, एक थेली.
वीजबिलाच्या ऑफिसात मी मुद्दाम लांबातल्या लांब रांगेत थांबलो,
खिडकीपाशी पोचल्यावर आठवलं,
बिल फोनवरून भरलंय.

नकाशाच्या कडेकडेनं ठिपक्यांची एक रेघ जाते.
तिथली गाडी. वाफेची आहे म्हणतात.
मी दोऱ्यानं मोजली, प्रमाण लावलं:
आमच्या फेरीपेक्षा जेमतेम पाचशे मीटर जास्त.
उंचावरून पडायचं, काळोखात गरगरायचं,
ते सगळं शैलानं ठरवावं, माझं बीपी बघून.
ही गाडी पहिली. फाटक उघडलं की सरळ डावीकडे.
"आणि दुरुस्तीला बंद असली तर?"
तर बघत बसेन, कशी दुरुस्त करतात.

एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही.
एकतीस वर्षं पोरं मला टाटा करायची,
लिंबाखालून, पुलावरून, आयांच्या कडेवरून,
आणि वळणावर ब्रेकवरचा हात काढायचा नाही
असा नियम होता.
किती हात तसेच हवेत राहिले.

फेरी झाली की मी तिथल्या कुंपणापाशी उभा राहणार,
एकसष्ट वर्षांचा, गळ्यात पाण्याची बाटली,
आणि ड्रायव्हरला हात हलवणार.
तो हलवणार नाही.
तिथं वळण आहे,
मी नकाशावर पाहून ठेवलंय.