खिडकीबाहेरून

मी पाहिलीत या शहरातली कॉलेजं,
पण मागून.
जिकडून पाण्याचा पाइप जातो तिकडून,
एक पाय लोखंडी स्टँडवर, एक भिंतीवर,
दातात दोन स्क्रू.
होळी झाली की कूलरचं जुनं गवत काढायचं,
नवं भरायचं, पंप चालला की उतरायचं.
समोरच्या गेटातून मी कुठेच गेलेलो नाही.

प्रणालीचा निकाल लागला आणि पाचपावलीतल्या आमच्या खोलीत
रंगीत पुस्तिकांचा ढीग झाला.
प्रत्येकीवर हिरवळ, प्रत्येकीवर हसणारी तीन मुलं,
त्यातल्या एकाच्या गळ्यात हेडफोन.
मेव्हणा म्हणाला, हिंगणा रोडचं टाका, पूर्ण एसी आहे.
शेजारचे भुते गुरुजी म्हणाले, प्लेसमेंट पाहा.
कॅफेतला पोरगा म्हणाला, काकाजी, लवकर सांगा,
साइट बसून राहिली, फॉर्म बारापर्यंतच आहे.

पोट्टीने माझ्याकडे पाहिलं.
"बाबा, तुम्ही तर साऱ्यांत जाऊन आले. सांगा ना."

आजवर मला कुणी हे विचारलं नव्हतं.

मी सांगितलं, जे दिसलं ते.
एका ठिकाणी लायब्ररीत तीन कूलर लावले, मोठे,
महिन्याने तक्रार आली म्हणून गेलो
तर पुस्तकांच्या कपाटाच्या कुलपावर
माझ्याच गवताचा भुसा, तसाच.
एका ठिकाणी स्टाफरूम गार आणि वर्ग तापलेले.
एका ठिकाणी साहेबाने बिल दुप्पट लिहायला सांगितलं.
मी लिहिलं.
ते कॉलेज तुझ्यासाठी नको.

आणि एक, तेलंगखेडीकडे, जुनं, दगडी,
सायकल स्टँडवरचे पत्रे उडालेले.
प्रयोगशाळेच्या खिडकीचं माप घेत होतो,
दुपारचे दोन, पंचेचाळीस डिग्री,
आत चार पोरं आणि एक वयस्क बाई, घामाने निथळत.
बाई खिडकीशी आल्या, म्हणाल्या,
भाऊ, इथे नको हो कूलर. वाऱ्याने ज्योत हलते.

मी टेप गुंडाळला.
वीस वर्षांत कूलर नको म्हणणारं गिऱ्हाईक तेवढं एक.

"ते टाक पयलं," मी म्हटलं.
कॅफेतल्या पोराने दोनदा विचारलं, नक्की?

मग सहा महिने वाटत राहिलं, चुकलोच.
यायची, बॅग फेकायची,
"मॅडम बोलतात ते अर्धं डोक्यावरून जाते."
मेव्हण्याचा पोरगा एसीतले फोटो पाठवायचा.
मी काय सांगणार,
माझं इंग्रजी मोटर, पंप आणि कॅपॅसिटर.
तरी विचारलं, मोटर फिरत नाही तेव्हा मी काय करतो?
म्हणाली, उघडता.
मग उघड की. हात वर कर, विचार.
जी बाई ज्योतीसाठी घाम गाळते
ती तुझ्यासाठी दोन मिनिटं नाही थांबणार?

मार्चमध्ये त्याच कॉलेजचं काम निघालं,
खालच्या वर्गांचं.
चौथ्या खिडकीत मागची जाळी उघडी,
फिरत्या पात्यांतून आत पाहिलं
तर दुसऱ्या बाकावर प्रणाली.
हात अर्धाच वर,
खाली गेला, पुन्हा वर.
बाई म्हणाल्या असाव्यात, बोल.
पोरीचे ओठ हलले.
घरघरीत एक अक्षर ऐकू येईना.

मी वायर ओढली.

सारा वर्ग खिडकीकडे वळला, बाईसुद्धा.
"चेक करून राहिलो," मी म्हटलं.
एकटी प्रणाली वळली नाही.
आवाज तिच्या ओळखीचा होता.

मग ऐकला तिचा प्रश्न.
लांब होता, मध्ये दोनदा मराठीत घसरला,
पुन्हा उभा राहिला.
मला त्यातलं काही कळलं नाही.
बाई खडू शोधत होत्या.

मी पाचेक मिनिटं
घट्ट झालेला स्क्रू
घट्ट करत राहिलो.